डावीकडचा ब्रेक

गिरिधर भोयरने वयाच्या एकावन्नाव्या वर्षी गाडी घ्यायचं ठरवलं, ते वडिलांच्या गुडघ्यासाठी. वडील, चंद्रभान, उमरेडच्या पुढे सावळगावला राहायचे आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही शेत स्वतःच पाहायचे. त्यांचा उजवा गुडघा इतका गेला होता की बसच्या पायऱ्या चढायला दोन माणसं लागत, आणि ती दोन माणसं ते स्वतः निवडत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. चंद्रभान म्हणाले, "दिवाळी होऊ दे."

तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. गाडी घ्यायला आणि चालवायला शिकायला गिरिधरकडे पाच महिने होते. लायसन त्याच्याकडे होतंच, अठ्ठावीस वर्षांपासून. मागच्या वर्षी त्याने ते रीन्यूही करून आणलं होतं. गाडी तेवढी चालवली नव्हती.

गिरिधर सीताबर्डीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होता. कोणतंही काम पद्धतशीर करायचं, हा त्याचा स्वभाव. त्याची बायको तारा हुडकेश्वरच्या घरी ब्लाउज शिवायची आणि तिचं काम वेळेत व्हायचं. मुलगी गार्गी बारावीला होती. घरातल्या कुठल्याच गोष्टीचं तिला आश्चर्य वाटत नसे.

गाड्या पाहायला गिरिधर गोविंदा मेकॅनिकला घेऊन जायचा. गोविंदा फार बोलत नसे. बॉनेट उघडायचा, गाडी सुरू करायला लावायचा, डोळे मिटून इंजिनाकडे कान करायचा आणि निकाल द्यायचा.

पहिली गाडी मानेवाड्याची. मालक म्हणाले, ही फक्त घर ते देऊळ गेली आहे. डिकी उघडली तर आत पाणी साचलेलं आणि त्यात एक बेडूक.

"हा गाडीसोबत नाही," मालक म्हणाले.

दुसरी गाडी बाहेरून आरशासारखी होती. गोविंदाने कान लावला आणि म्हणाला, "रडून राहिली."

"कोण?" गिरिधरने विचारलं.

"गाडी."

तिसरी गोविंदाला पसंत पडली, गिरिधरला पसंत पडली, तारालाही रंग आवडला. सगळं ठरल्यावर मालकांनी किल्ली परत खिशात घातली. "विकाची नाही मले," ते म्हणाले, "कोणी घेते का, तेवढं पाहून राहिलो होतो."

अशा दहा गाड्या झाल्यावर अकरावी लकडगंजात मिळाली. लाकडाच्या टालांच्या मागे रामाजी नावाचे एक गृहस्थ मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते, ते आता बंद करत होते. पांढरी, छोटी, चार दारांची गाडी. पिवळी नंबरप्लेट जाऊन पांढरी आलेली, कागद साफ. दारांवरची अक्षरं घासून काढली होती, पण इतक्या वर्षांच्या उन्हात आजूबाजूचा रंग उडाला होता आणि अक्षरांखालचा नव्हता. त्यामुळे 'शिका' हा शब्द लांबूनही वाचता येत होता.

"हजार लोकं शिकले हिच्यावर," रामाजी म्हणाले. ते सत्तरीचे, बारीक, आणि बोलताना त्यांचा उजवा पाय उगाच जमिनीवर दाबला जायचा. "हजार लोकांनी क्लच जाळला हिचा. तरी मेली नाही. आता काय मरते?"

गोविंदाने कान लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाला, "घ्या."

गाडी गोविंदानेच चालवत घरी आणली. ताराने कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढच्या डाव्या सीटवर बसून पाहिलं. पाय सरळ केले तर मॅटखाली काहीतरी टोचलं. तिने मॅट उचलली. खाली ब्रेक होता.

"दोन ब्रेक आहेत," ती म्हणाली.

गिरिधरने वाकून पाहिलं. शिकवणाऱ्याचा ब्रेक तसाच राहिला होता. त्याने लगेच रामाजींना फोन लावला.

"हो, तो राहिलाच," रामाजी म्हणाले. "क्लच काढला, ब्रेक निघून राहिला नव्हता. काढा गोविंदाकडून. नाहीतर राहू द्या. मी त्याच्याच भरवशावर जिवंत आहो."

गोविंदाला विचारलं तर तो म्हणाला, अर्धा दिवस लागतो, पाऊस उघडला की या. पाऊस अजून सुरूही झाला नव्हता.

पहिल्या रविवारी गिरिधर गाडी घेऊन निघाला. तारा डावीकडे, गार्गी मागे. म्हाळगीनगर चौकापर्यंत सगळं ठीक झालं. चौकात एक गाय आपल्या मार्गाने चालली होती आणि गिरिधर आपल्या. गाडी एकाएकी थांबली. गिरिधरचा पाय ब्रेकवर नव्हता.

"तू दाबला?"

"मंग काय गायीनं दाबला?"

"मी दाबणारच होतो."

"कवा?"

मागून गार्गी म्हणाली, "मागे लाइन लागली आहे."

घरी येईपर्यंत तारा सात वेळा थांबली, म्हणजे गाडी थांबली. घरी आल्यावर जेवणाच्या ताटावर बोलणी झाली. असं ठरलं की ब्रेक फक्त जिवंत गोष्टींसाठी दाबायचा. खड्डा, स्पीडब्रेकर, लाल दिवा ही गिरिधरची जबाबदारी. गाय, कुत्रा, माणूस, लेकरू ही दोघांची. कोंबडीवर एकमत झालं नाही.

रस्त्यावरच्या लोकांचाही या गाडीशी काही संबंध आहे, हे हळूहळू लक्षात आलं. दारावरचं 'शिका' वाचून लोक वाट द्यायचे. ट्रकसुद्धा लांबून जायचे. सिग्नलवर गाडी बंद पडली की शेजारचा स्कूटरवाला काच खाली करायला सांगायचा आणि म्हणायचा, "काका, क्लच हळू सोडा नं. घाबरू नका." एकदा दिघोरीच्या उतारावर एका भाजीवाल्याने भर रस्त्यात गाडी थांबवून आत डोकं घातलं. "मी हिच्यावरच शिकलो," तो म्हणाला, आणि ताराकडे बघून विचारलं, "नव्या मॅडम काय?"

गिरिधरला हे फार लागलं. गाडीला रंग द्यायचं त्याने दोनदा ठरवलं. पण रंग दिला तर ट्रक लांबून जाणार नाहीत, हेही त्याला कळत होतं. त्याने रंग दिला नाही.

ऑफिसला तो स्कूटरनेच जायचा. बर्डीत गाडी लावायला जागा नसते, हे कारण तो सांगायचा. गाडी आठवडाभर घरासमोर उभी असायची. जुलैच्या मध्यावर एका रविवारी तो गाडीत बसला तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुढे सरकलेली होती. त्याने मागे केली. पुढच्या रविवारी पुन्हा पुढे.

"सीट आपोआप सरकते काय?" त्याने गोविंदाला विचारलं.

"उतारावर," गोविंदा म्हणाला. घरासमोर उतार नव्हता.

मग मागच्या काचेवर चिकटपट्टीचे डाग दिसले. मग किलोमीटरचा आकडा. गिरिधर रविवारी संध्याकाळी आकडा तळहातावर लिहून ठेवू लागला, पण सोमवारी सकाळी आंघोळ करायचा. शेवटी त्याने कॅलेंडरवर लिहिला. आठवड्याभरात गाडी उभ्याउभ्या बासष्ट किलोमीटर चालली होती.

त्याने गार्गीला समोर बसवलं. "खरं सांग. कोणासंगं जातेस?"

"बाबा, मले सायकलपण नीट येत नाही," गार्गी म्हणाली. "आणि मी कोणासोबत गेली असती तर या गाडीत गेली असती का?"

हे त्याला पटलं. ताराला त्याने विचारलं नाही, कारण तारा दिवसभर घरीच असते हे त्याला माहीत होतं.

ऑगस्टच्या एका मंगळवारी साडेबाराच्या सुमारास तो व्हेरायटी चौकात चहा प्यायला उतरला होता. सिग्नल लागला होता आणि गाड्या शर्यतीचा झेंडा फडकायची वाट पाहत असल्यासारख्या थरथरत उभ्या होत्या. त्यातल्या एका पांढऱ्या गाडीच्या दारावर 'शिका' होतं. मागच्या काचेवर लाल 'एल' चिकटवलेला होता. डावीकडे रामाजी बसले होते, हाताची घडी घालून. स्टिअरिंगवर तारा होती.

गिरिधर चहाच्या टपरीच्या बाजूला झाला. आपण का लपतो आहोत हे त्याला कळलं नाही, पण तो लपला. सिग्नल सुटला. पुढे एक ऑटो आडवा आला, बाजूने बस आली, एक माणूस कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मधूनच निघाला. तारा थांबली, वाट पाहिली, हॉर्न न वाजवता निघाली आणि वळली. झटका बसला नाही. गाडी बंद पडली नाही. वर्षानुवर्षं शिलाई मशीनच्या पायपट्टीवर टाचेचा आणि चवड्याचा दाब मोजून देणारा तो पाय होता. ही गाडी इतकी सुरळीत चालू शकते, हे गिरिधर पहिल्यांदा पाहत होता.

चहा थंड झाला. टपरीवाल्याने दुसरा दिला, तोही थंड झाला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी जाताना त्याला राग आला होता. म्हाळगीनगरपर्यंत राग होता. पुढे त्याचं वाईट वाटण्यात रूपांतर झालं, आणि घरासमोर गाडीचं बॉनेट अजून गरम आहे हे हात लावून पाहिल्यावर नेमकं काय वाटतं आहे ते त्याला सांगता येईना. तारा आत काजं करत होती.

"आज कुठं गेली होतीस का?" त्याने विचारलं.

"कुठं जाऊ?" ती म्हणाली. "गोपिकाबाईचे सहा ब्लाउज पडले आहेत."

ती सांगेल, असं त्याला वाटलं. ती आठवडाभर सांगेना. महिनाभर सांगेना. दरम्यान गिरिधरने काही गोष्टी केल्या. गाडीची किल्ली तो स्वतःच्या कपाटात ठेवायचा, ती आता दाराजवळच्या खिळ्यावर अडकवू लागला. सकाळी ऑफिसला जाण्याआधी काच पुसून जायचा. टायरमध्ये हवा भरून आणायचा. रविवारी उतरताना सीट मुद्दाम दोन खाचा पुढे करून ठेवायचा. ताराने एकदा विचारलं, "काच काहून पुसून राहिले रोज?"

"धूळ येते," तो म्हणाला. पाऊस चालू होता.

गोविंदाचा फोन आला, ब्रेक काढायला कधी आणता. गिरिधर म्हणाला, राहू दे.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी चंद्रभानना आणायला तिघं सावळगावला गेले. ऑपरेशन सोमवारी होतं. चंद्रभान धोतर-टोपी घालून ओसरीवर तयार बसले होते. शेजारी पेटी, काठी आणि तुरीच्या शेंगांची एक थैली. पाय सरळ ठेवावा लागतो म्हणून त्यांना पुढे, डावीकडे बसवलं. तारा आणि गार्गी मागे.

गावाबाहेर पडून डांबरी रस्ता लागला आणि गाडी थांबली.

"काय झालं?" गिरिधरने विचारलं.

"काही नाही गा," चंद्रभान म्हणाले. ते काचेतून बाहेर कापसाच्या शेताकडे बघत होते. "भैयाजीची पराटी पाहू दे. बोंडं कमीच दिसते."

गिरिधरने समजावून सांगितलं की पायाशी जे आहे ते ब्रेक आहे आणि त्याला पाय लावायचा नाही. चंद्रभाननी मान डोलावली. अर्ध्या किलोमीटरवर गाडी पुन्हा थांबली. तूर होती. मग एक नवी विहीर होती. मग कोणीतरी संत्र्याच्या झाडांना चुना लावत होतं, तो नीट लावतो की नाही हे पाहायचं होतं. उमरेडच्या अलीकडे भर रस्त्यात गाडी थांबली तेव्हा मागच्या ट्रकने इतक्या जोरात ब्रेक मारला की त्याच्या टपावरची ताडपत्री सरकून समोर लोंबली.

गिरिधरने गाडी कडेला घेतली आणि उतरला. दुसऱ्या बाजूला जाऊन दार उघडलं.

"बाबूजी, मारता का सगळ्याईले?"

"मी काहून मारीन?"

"चार डाव सांगतलं, पाय नका लावू! तुमचं वावर आहे का ते? दुसऱ्याच्या वावराचं तुमाले काय करा लागते?"

चंद्रभाननी काठी घेतली. "मले उतरू दे. मी बसनं जातो."

"बसमंदी चढता येते का तुमाले?"

"नाही येत तं इथंच राहीन. तू जाय."

ते खरोखर उतरायला लागले. गुडघा वाकेना, म्हणून अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे अडकले. मदत ते घेईनात. गिरिधर हात पुढे करून तसाच उभा राहिला. ट्रकवाला ताडपत्री बांधता बांधता हे सगळं बघत होता.

तारा मागून उतरली. तिने नवऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि दाराशी उकिडवी बसली.

"मामाजी," ती हळू म्हणाली, "भेव लागते का सोमवारचं?"

चंद्रभाननी काठी खाली टेकवली.

"लागते नं, वं," ते म्हणाले. "थोडं लागते. पाय कापून उघडते म्हणते. गावातला सीताराम गेला होता ऑपरेशनले मागच्या साली, तो नाही चालत अजून."

गिरिधरने वडिलांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. नाग त्यांच्या पायाला घासून गेलेला पाहिला होता, गारपिटीत उभं पीक झोपलेलं पाहिलं होतं. तेव्हाही वडील एवढंच म्हणाले होते की होते असं. तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि ताराच्या पुढे धरली.

"घे. तू चालव."

"मी?"

"तुले येते. पाहलं मी."

"कवा?"

"ऑगस्टमंदी. व्हेरायटी चौकात."

तारा उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागच्या सीटवरून गार्गीने पहिल्यांदाच पुस्तक बाजूला ठेवलं.

"तीन महिने झाले," तारा म्हणाली. "मंग बोलले काहून नाही?"

"तू काहून नाही बोलली?"

"बोलली असती तं तुम्ही शिकवाले लागले असते."

यावर गिरिधरने विचार केला. प्रामाणिकपणे केला. त्याने नक्कीच शिकवलं असतं.

"लायसन लागते," तो म्हणाला.

ताराने पर्स उघडली. लायसन होतं, पक्कं, भाऊबीजेच्या आधीच्या आठवड्यातलं. फोटोत ती रागावल्यासारखी दिसत होती. गिरिधरने ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत दिलं.

"पहिल्याच डावात?"

"रामाजी म्हणे, हजारात असे तीस-चाळीस असते."

"मी कितव्यात असतो, ते विचारलं का?"

"नाही विचारलं," तारा म्हणाली. तिने विचारलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

चंद्रभाननी आपणहून पाय आत घेतले. तारा स्टिअरिंगवर बसली, सीट पुढे केली, आरसा खाली केला आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, तिथं पाय नका लावू. पाहाचं असन तं सांगा, मी थांबवते. घाई नाही आपल्याले."

"डॉक्टर वाट नाही पाहून राहिला?"

"सोमवारी पाहीन तो."

पुढच्या रस्त्यावर गाडी नऊ वेळा थांबली. प्रत्येक वेळी तारा इंडिकेटर देऊन, कडेला घेऊन थांबायची, आणि चंद्रभान कापूस, तूर, चणा, कोणाच्या तरी बैलांची जोडी असं काय काय नीट पाहून "चाल" म्हणायचे. पाचगावच्या जवळ त्यांनी एक शेत पाहिलं आणि म्हणाले, "हे चांगलं आहे." दिवसभरात त्यांनी चांगलं म्हटलेलं तेवढंच. गिरिधर मागे गार्गीच्या शेजारी बसला होता. मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा नाही आणि एक स्प्रिंग वर आली आहे, हे त्याला पाच महिन्यांत पहिल्यांदा कळलं.

"तू कधी सांगतलं नाही," तो गार्गीला म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाही," गार्गी म्हणाली आणि थैलीतली एक शेंग सोलून त्याच्या हातावर दाणे ठेवले.

दीड तासाच्या रस्त्याला साडेतीन तास लागले. दिघोरीच्या नाक्यावर शहराची गर्दी सुरू झाली तशी चंद्रभाननी मान मागे वळवली. मग म्हणाले, "गिरिधर, तू राहशीन नं तिथं? सोमवारी?"

"रजा टाकली आहे, बाबूजी. आठवडाभर."

"आठवडा कशाले," चंद्रभान म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं केलं."

ऑपरेशन नीट झालं. पुढचे दोन महिने तारा त्यांना दिवसाआड व्यायामाच्या केंद्रात घेऊन जायची. तिथल्या मुलीने त्यांना पायाने उशी दाबायला सांगितलं तेव्हा त्यांनी असा दाब दिला की ती म्हणाली, आजोबांचा पाय चांगला जोरदार आहे. काठी त्यांनी संक्रांतीला सोडली. सावळगावला परत जाताना त्यांनी मुलाला बजावलं, पुढच्या वेळी न्यायला सून येईल, तू ऑफिस पाह्य. गिरिधर रविवारी गाडी चालवतो अजून. तारा डावीकडे बसते. कोंबडीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

फेब्रुवारीतल्या सुट्टीच्या एका गुरुवारी तारा, गोपिकाबाई, समोरच्या हर्षाताई आणि रंभाबाई नावाच्या तिच्या मावशी अशा चार बाया रामटेकला निघाल्या. डबे, सतरंजी, पाण्याचा कॅन, रंभाबाईंची वेगळी उशी. गिरिधरने टायर पाहिले, काच पुसली आणि रामटेकला वर जाताना चढाव आहे, पहिला गिअर टाक, असं सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं.

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. तो आत आला आणि वरण लावलं. तीन शिट्ट्या घ्यायच्या होत्या, पण त्याचं लक्ष फोनकडे असल्याने किती झाल्या ते कळलं नाही, म्हणून अंदाजाने गॅस बंद केला. गार्गीने झाकण उघडून पाहिलं आणि लोणच्याची बरणी काढली.

साडेअकराला फोन वाजला.

"पोचलो," तारा म्हणाली. मागे बायांचा गलका चालला होता आणि कोणाचा तरी डबा माकडाने नेला होता, त्यावरून हसणं चाललं होतं.

"गाडी?" गिरिधरने विचारलं.

"गाडीबी पोचली," तारा म्हणाली.